खटला इंकजेटवर, दोष कार्ट्रिजचा

घरासाठी प्रिंटर घ्यायचा म्हटलं की पिरंगुटपासून पुण्यापर्यंत एकच सल्ला मिळतो. इंकजेटच्या नादी लागू नका, लेझर घ्या. तेवढे पैसे नसतील तर प्रिंटरच घेऊ नका, झेरॉक्सच्या दुकानात जा. घर मुळशीत आहे असं कळलं की सल्ला आणखी ठाम होतो: तुमच्याकडच्या पावसात इंकजेट वर्षभरही तग धरणार नाही. हे मत आता इतकं रुजलं आहे की त्याचं कारण कुणी विचारत नाही. मुळशीतल्या बहुतेक नांदत्या घरांच्या बाबतीत ते चुकीचं आहे असं मला वाटतं, आणि त्यातला पावसाचा भाग तर वस्तुस्थितीच्या नेमका उलट आहे.

पूर्वपक्ष आधी पूर्ण ताकदीनं मांडला पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. इंकजेटची शाई मुख्यतः पाण्याची असते. प्रिंटर काही दिवस नुसता पडून राहिला की ती थेंब फेकणाऱ्या हेडच्या तोंडाशी वाळते. मग यंत्र स्वतःची साफसफाई करतं. म्हणजे ताजी शाई हेडमधून ओढून काढतं आणि आतल्या स्पंजात सोडून देतं. अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकसंस्थेनं २०१३ मध्ये प्रिंटर अधूनमधून वापरून पाहिले, तेव्हा अनेक मॉडेलांत निम्मी किंवा त्याहूनही जास्त शाई कागदापर्यंत पोचलीच नाही. शिवाय तीन-साडेतीन हजारांच्या प्रिंटरची काळी आणि रंगीत अशी दोन कार्ट्रिजं घ्यायला गेलं तर यंत्राच्या किमतीचा मोठा हिस्सा त्यातच जातो, आणि सर्वांत लहान काळ्या कार्ट्रिजवर पानं निघतात शंभर-सव्वाशे. छापलेला कागद भिजला की अक्षरं ओघळतात ते वेगळंच. लेझरच्या टोनरला यातलं काहीच होत नाही. ती कोरडी भुकटी असते. सहा महिने प्रिंटर झाकून ठेवला तरी पहिलं पान ठसठशीत येतं. टोनर पुन्हा भरून देणारे कारागीरही सापडतात.

यातलं एकही विधान खोटं नाही. पण या विधानांमधून जो निष्कर्ष काढला जातो, तो मात्र टिकत नाही.

आधी पावसाचं पाहू, कारण मुळशीपुरता तोच मुद्दा सर्वांत जोरात मांडला जातो. या तालुक्याची दोन टोकं एकमेकांना ओळख देणार नाहीत इतकी वेगळी आहेत. पूर्वेला हिंजवडी-माणच्या काचेच्या इमारती, आणि पश्चिमेला ताम्हिणीचा घाटमाथा, जिथं २५ जुलै २०२४ च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. घाटाकडच्या घरांत जून ते सप्टेंबर भिंतींना ओल असते, चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते, मीठ पाझरतं. अशा हवेत नाजूक यंत्र बिघडणार असं वाटणं साहजिक आहे. पण इंकजेटचं दुखणं कोणतं? शाईतलं पाणी उडून जाणं. पाणी उडतं कोरड्या हवेत. हवाच पाण्यानं भरलेली असेल तर हेडच्या तोंडावरची शाई फार सावकाश वाळते. त्यातून या शाईत ग्लायकॉल, ग्लिसरॉल यांसारखी द्रव्यं मुद्दाम घातलेली असतात, आणि त्यांचं कामच ओलावा धरून ठेवण्याचं असतं. म्हणजे इंकजेटचं हेड वर्षात सर्वांत सुखात असतं ते मुळशीच्या पावसाळ्यात. त्याचा कसोटीचा काळ मार्च ते मे. तेव्हा पुण्याच्या बाजूला दुपारची आर्द्रता पंचवीस टक्क्यांच्या खाली उतरते. ‘पावसानं हेड बसलं’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला प्रिंटर किती दिवस बंद होता हे विचारून पाहावं. बहुतेकदा यंत्र उन्हाळ्याच्या सुट्टीत बंद पडलेलं असतं आणि जूनमध्ये शाळा उघडल्यावर ते लक्षात येतं. दोष मात्र समोर दिसणाऱ्या पावसाला लागतो.

पावसाळ्यात खरा बिघडतो तो कागद. कारखान्यातून निघताना कागदात साधारण पाच टक्के ओलावा असतो. रिम उघडून टेबलावर ठेवली तर घाटाकडच्या हवेत तो दुपटीच्या आसपास जातो. तंतू फुगतात, पान वाकतं, दोन पानं एकमेकांना चिकटून आत जातात, आणि शाईच्या अक्षराला केसाळ कडा येते. इथवर इंकजेटवरचा आरोप खरा. पण हाच कागद लेझरमध्ये घातला की काय होतं ते कुणी सांगत नाही. लेझरमध्ये टोनरची भुकटी विद्युतभारानं ड्रमवरून कागदावर ओढली जाते आणि मग दोनशे अंश सेल्सियसच्या जवळपास तापलेल्या रुळाखाली वितळून चिकटते. ओला कागद विद्युतभार नीट धरत नाही, म्हणून छपाई फिकी किंवा ठिपक्याठिपक्यांची येते. आणि तापलेल्या रुळाखाली त्यातल्या पाण्याची वाफ झाली की पान गुंडाळी झाल्यासारखं बाहेर पडतं. ओल्या कागदाचं दुखणं दोन्ही यंत्रांना सारखंच आहे, आणि त्यावरचा इलाज यंत्र बदलणं हा नाही. रिमचं वेष्टन ओलावा अडवणारंच असतं. लागतील तेवढीच पानं काढावीत, उरलेली रिम वेष्टनासकट घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावी, आणि रात्री ट्रेमध्ये कागद सोडू नये.

दुसरा मुद्दा विजेचा. शहरातून येणाऱ्या सल्ल्यात त्याचा उल्लेखही नसतो. मुळशी धरणाच्या पाण्यावर १९२७ पासून खाली कोकणात भिऱ्याचं वीजघर चालतं. त्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, जमिनी गेल्या, आणि वीज मुंबईला गेली. त्याच तालुक्यात आज घाटाकडच्या गावांत पावसाळी वाऱ्यात झाड तारेवर पडलं की लाईट जाते, आणि कधी येईल याचा भरवसा नसतो. म्हणून ज्याला परवडतं तो घरी छोटा इन्व्हर्टर बसवतो. दोन पंखे, चार दिवे, वायफाय एवढाच त्याचा जीव. लेझर प्रिंटरचा रूळ तापताना क्षणभर सातशे-आठशे, कधी हजार वॉटपर्यंत वीज ओढतो. छोट्या इन्व्हर्टरला हा झटका झेपत नाही, आणि लेझर प्रिंटर यूपीएसच्या बॅटरीवर लावू नका असं यूपीएस बनवणारेच सांगतात. इंकजेट छापताना दहा-वीस वॉट घेतो. एलईडी दिव्याइतकं काम. अंधाऱ्या जुलैत पोराचा प्रकल्प किंवा उद्याच्या तारखेला लागणारा कागद छापायचा असेल तर लेझर बंद असतो आणि इंकजेट चालू असतो. पाऊस आणि वीज यांचा विचार करून मुळशीसाठी यंत्र निवडायचं ठरवलं तर न्याय इंकजेटच्या बाजूनं द्यावा लागतो.

इथं प्रतिपक्षाला एक भक्कम आक्षेप घेता येतो, आणि तो मी स्वतःच मांडतो. छपाई अर्ध्यावर असताना लाईट गेली तर इंकजेटचं हेड पानाच्या मधोमध उघडं राहतं. एरवी ते बाजूच्या रबरी टोपीवर जाऊन बसतं आणि तिथंच त्याचं संरक्षण होतं. उघड्यावर राहिलेलं हेड एप्रिलच्या हवेत लवकर वाळतं. आक्षेप अगदी बरोबर आहे, आणि म्हणूनच इंकजेट इन्व्हर्टरच्या प्लगवर असायला हवा. इन्व्हर्टर नसेल तर ढगांचा गडगडाट सुरू असताना लांबलचक छपाई सुरू करू नये. यापेक्षा कितीतरी जास्त हेडं मात्र एका चांगल्या वाटणाऱ्या सवयीनं मरतात. वीज वाचवायची म्हणून प्रिंटर त्याच्या बटणानं न बंद करता थेट भिंतीवरचा स्विच बंद केला जातो. हेडला टोपीवर जायला वेळ मिळत नाही. आणि पुन्हा चालू केलं की बरीच यंत्रं साफसफाईला शाई खर्च करतात. झोपलेला प्रिंटर एक वॉट घेतो असं धरलं तरी वर्षाच्या ८,७६० तासांत नऊ युनिटही होत नाहीत. तेवढ्या बचतीपायी हेड गमावणं परवडत नाही.

आता खर्चाकडे वळू, कारण खंडनाचं मर्म इथं आहे. इंकजेट हे छपाईचं तंत्र आहे. कॅननचे इचिरो एंडो यांच्या प्रयोगशाळेत १९७७ मध्ये तापलेली सोल्डरिंगची सळई शाईच्या सिरिंजच्या सुईला लागली आणि शाई उसळून बाहेर आली. त्यातून उष्णतेनं बुडबुडा करून शाईचा थेंब फेकायची कल्पना निघाली. अमेरिकेत ह्यूलेट-पॅकार्डमध्ये त्याच सुमारास स्वतंत्रपणे तसंच काही साधलं आणि १९८४ मध्ये त्यांचा ‘थिंकजेट’ बाजारात आला. एप्सननं वेगळी वाट धरली: उष्णतेऐवजी विजेनं आकसणाऱ्या पिझो स्फटिकानं थेंब ढकलायची. दोन्ही वाटांनी केसाहून बारीक छिद्रातून काही पिकोलिटरचा थेंब कागदावर अचूक पडतो. या तंत्रात शाई महाग असायचं काहीच कारण नाही. महाग केली ती विक्रीच्या रितीनं: यंत्र जवळपास तोट्यात विकायचं आणि नफा चार-पाच मिलिलिटरच्या कार्ट्रिजमधून वर्षानुवर्षं काढायचा. लोक ज्याला इंकजेटचा दोष म्हणतात तो या रितीचा दोष आहे.

आकडे मांडून पाहू. भाव बदलतात, म्हणून हे उदाहरणापुरते. छोटं काळं कार्ट्रिज ७०० रुपयांचं आणि त्यावर १२० पानं, म्हणजे पानाला जवळपास सहा रुपये. कार्ट्रिजऐवजी बाटलीनं टाकी भरायच्या इंक टँक प्रिंटरची काळी बाटली ६५ मिलिलिटरची, ४०० रुपयांची, आणि कंपनीच्या मोजणीनं तिच्यावर ४,५०० पानं. पानाला नऊ पैसे. साफसफाईत महिन्याला दोन मिलिलिटर शाई वाया जाते असं धरा. कार्ट्रिजमधून ती निम्म्याच्या घरात गेली, आणि शंभराच्या नोटेच्या कितीतरी वर पैसे गेले. बाटलीतून तीच दोन मिलिलिटर गेली तर साधारण सव्वाबारा रुपये. वाया जाणारी शाई तेवढीच, पण एका घरात ती जाचक खर्च होते आणि दुसऱ्या घरात हिशेबातही येत नाही. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’चं निरीक्षण खरं असूनही त्यावरून इंकजेट टाकाऊ ठरत नाही, याचं कारण हे.

म्हणून दुकानांतला आणखी एक ठरीव सल्लाही मला मान्य नाही: कमी छपाई असेल तर स्वस्त कार्ट्रिजवाला, जास्त असेल तर टँकवाला. महिन्याला तीस पानं ही शाळेत जाणारं एक मूल आणि थोडी कागदपत्रं असलेल्या घराची साधी गरज आहे. साडेतीन हजारांचा प्रिंटर आणि साडेअकरा हजारांचा टँक प्रिंटर यांच्यातला आठ हजारांचा फरक पानामागे सहा रुपयांच्या हिशेबानं साडेतेराशेच्या आत पानांत भरून निघतो. तीस पानांच्या घराला त्यासाठी पावणेचार वर्षं लागतील, साठ पानांच्या घराला दोन वर्षांहून कमी. आणि यात वाळून फेकलेलं एकही कार्ट्रिज धरलेलं नाही. खोक्यावरच्या पानांच्या आकड्याबद्दलही सावध असायला हवं. तो ‘आयएसओ २४७११’ या प्रमाणानुसार काढतात. त्यात ठरावीक नमुना-पानं जवळपास सलग छापली जातात. आठवडाभर बंद राहून मग दोन पानं छापणाऱ्या घराचं वागणं त्या मोजणीत येतच नाही. कार्ट्रिजवरचा आकडा घरात सहसा गाठला जात नाही, तो याच कारणानं.

टँक प्रिंटरची जन्मकथाही इथं सांगण्याजोगी आहे. इंडोनेशियात आणि आपल्याकडेही दुरुस्ती करणारे कारागीर कार्ट्रिजच्या प्रिंटरला बाहेरून शाईच्या बाटल्या आणि नळ्या जोडून देत असत. कंपन्या त्यावर वॉरंटी नाकारत. अखेर एप्सननं २०१० मध्ये इंडोनेशियातच कारखान्यातून टाकी बसवलेला प्रिंटर आणला, आणि पुढे बाकीच्यांनी तीच वाट धरली. म्हणजे ज्या सुधारणेनं इंकजेट घराला परवडू लागला, ती प्रयोगशाळेतून आली नाही. गल्लीतल्या कारागिरांनी ती आधी करून दाखवली.

शाई ओघळण्याचा आक्षेप उरतो. तो ‘डाय’ शाईला लागू आहे. ती पाण्यात विरघळलेला रंग असते आणि ओल्या बोटानंही पसरते. ‘पिगमेंट’ शाईत रंगाचे कण कागदाच्या तंतूंत अडकून बसतात आणि थेंबभर पाण्याला दाद देत नाहीत. बाजारातल्या काही टँक प्रिंटरांत काळी शाई पिगमेंटची आणि रंगीत डायची असते, काहींत चारही डायच्या. ही गोष्ट खोक्यावर ठळक लिहिलेली नसते. पण मुळशीत, जिथं सातबारा रेनकोटच्या खिशातून तलाठ्याकडे जातो, तिथं तीच सर्वांत आधी विचारायला हवी. मी तर म्हणेन, वायफाय आहे का, ॲप आहे का हे सगळे प्रश्न तिच्या मागे.

‘दुकानात जा’ या सल्ल्याची वेगळी दखल घ्यावी लागते, कारण तो काटकसरीचा वाटतो. महिन्याला पाच-दहा पानंच लागणाऱ्या माणसाला तो योग्यही आहे; अशा घरानं कोणताच प्रिंटर घेऊ नये. पण कोळवण खोऱ्यातल्या किंवा माले गावाच्या पलीकडच्या घराला दुकान म्हणजे पौड किंवा पिरंगुट. एका पानाचे पाच रुपये, जायचं-यायचं भाडं आणि मोडलेला दिवस. १ मे २०१८ पासून राज्य सरकार डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन देतं. पंधरा रुपये भरले की उतारा घरबसल्या मिळतो, त्यावर वेगळा सही-शिक्का लागत नाही. जमिनीच्या व्यवहारांनी पिळून निघालेल्या या तालुक्यात ही मोठी सोय आहे. मात्र तो छापायला पुन्हा पौड गाठावं लागलं तर तिचा अर्धा अर्थ गेला. आणि दुकानात कागद छापायचा म्हणजे आधी तो दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवायचा. २७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळुरूच्या प्रादेशिक कार्यालयानं, सायबर कॅफेतल्या संगणकावर आधार उतरवून घेऊ नका, घेतलंच तर प्रत पुसून टाका, असं कळवलं होतं. गैरसमज होईल म्हणून दोनच दिवसांत ते पत्रक मागे घेतलं गेलं आणि नेहमीचा विवेक बाळगा एवढंच सांगण्यात आलं. पत्रक मागे घेतलं तरी त्यामागची काळजी खरी होती. आधार, बँकेचं पासबुक, खरेदीखत यांच्या प्रती अनोळखी फोनमध्ये साठत जाणं हा पानामागच्या पाच रुपयांत न दिसणारा खर्च आहे. शिवाय घरच्या टँक प्रिंटरला वर बहुधा स्कॅनर असतो. त्या किमतीच्या साध्या लेझरला बहुधा नसतो, आणि रंग तर नसतोच.

लेझर कुणासाठी योग्य, हेही स्पष्ट सांगतो. मुळशीच्या टेकड्यांवर पुण्या-मुंबईकरांची सुट्टीची घरं वाढली आहेत. दोन-दोन महिने ती बंद असतात. हेड वाळू नये म्हणून आठवड्याला एक रंगीत पान छापणं तिथं शक्य नाही, आणि टँकचा प्रिंटर उन्हाळ्यात तिथं हमखास अडकेल. त्या घरात लेझरच असावा. वकिलाच्या किंवा सोसायटीच्या कचेरीत, जिथं फक्त काळी पानं आणि तीही रोज शेकड्यांनी लागतात, तिथंही.

राहतो एक प्रश्न, आणि त्यावर ग्राहकानं विकत घेतानाच अडून बसायला हवं. काही टँक प्रिंटरांचं हेड कायमचं बसवलेलं असतं. ते गेलं तर यंत्र उचलून पुण्याच्या सेवा केंद्रात न्यावं लागतं, आणि भरलेल्या टाक्यांचा प्रिंटर मोटरसायकलवरून ताम्हिणीहून पुण्यात नेला तर शाई आतच सांडते. हेडची किंमत आणि मजुरी मिळून नव्या यंत्राचा मोहही होतो. काही मॉडेलांत मात्र हेड झाकण उघडून हातानं काढता येतं आणि सुटं विकत मिळतं. वाया गेलेल्या शाईचा डबाही तसाच बदलता येतो. घाटाकडच्या घरानं असंच मॉडेल निवडावं, मग ते हजार रुपयांनी महाग का असेना. हेड सुटं मिळतं का, केवढ्याला मिळतं, आणि वॉरंटी एक वर्षाची की ‘एक वर्ष किंवा अमुक हजार पानं, जे आधी होईल ते’, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावं. तो लिहून द्यायला तयार नसेल तर दुसरं दुकान पाहावं.